जमिनीवर ठेवलेल्या शिडाच्या बोटीला पोचा पडलाय, आपोआप निघेल का?

खारावारा
मंडळी, डोकं जरा फिरलंय म्हणून लिहितोय. 28 फुटी फायबरची बोट, फिन कील (तळाखालचं जड पातं), वजन साधारण साडेतीन टन. गेले 8 महिने पाण्याबाहेर आहे. कीलखाली लाकडी ठोकळे आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन जॅकस्टँड (आट्याने वर-खाली होणारे आधार). यार्डवाल्यांनी अशीच उभी करून दिली, मीही एक चक्कर मारून मान डोलावली.

दोन महिन्यांपूर्वी वर चढलो तर आतल्या टॉयलेटचं दार लागेना. वाटलं, दमट हवेने लाकूड फुगलं असेल. घरून रंधा नेला, दाराचा वरचा कोपरा तासला, दार लागलं, मी खूश. मागच्या आठवड्यात पुन्हा लागेना. पुन्हा तासलं. काल संध्याकाळी तळ घासायला म्हणून खाली बसलो आणि तिरप्या उन्हात पाहतो तर उजवीकडच्या पुढच्या स्टँडच्या पॅडभोवती चक्क खळगा. परातीएवढा. पट्टी आडवी धरून मोजलं, मधोमध 11 मिमी.

हे आपोआप सरळ होतं का? तो एक स्टँड सैल करून बघू का? आणि यात चूक कोणाची धरायची?

गाठमारे
स्टँडला हात लावू नका. बाकी सावकाश लिहितो, आधी एवढं वाचा.

काठावरचा
बोटीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण एकच दार दोनदा तासणारा माणूस फार आपला वाटला. वाचतोय.

खारावारा
@गाठमारे, नाही लावत. पण भीती घातलीत ती पूर्ण तरी करा.

गाठमारे
करतो. तुमच्या बोटीचं वजन आत्ता नक्की कशावर आहे हे तुम्हाला माहीत नाही. तो स्टँड भार घेत असेल (पोचा पाहता घेतोच आहे) तर सैल करताक्षणी तो भार उरलेल्या तिघांवर जाणार, आणि बोट तुमच्याच बाजूला कलणार. साडेतीन टन अंगावर यायला वेळ लागत नाही. स्टँड हलवायचा तर आधी क्रेनचे पट्टे लावून बोट तोलून धरायची, मगच.

आता मूळ मुद्दा. कीलबोट जमिनीवर ठेवताना वजन उतरतं ते कीलवर, आणि कीलमधून ठोकळ्यांवर. स्टँड फक्त बोट आडवी पडू नये म्हणून. सायकल स्टँडवर लावल्यावर आपण हाताचं एक बोट टेकवून उभे राहतो ना, तेवढंच त्यांचं काम. वजन त्यांच्यावर आलं की समजायचं खाली काहीतरी बिघडलंय. त्यामुळे पोचा स्टँडपाशी दिसत असला तरी शोध ठोकळ्यांपासून घ्या.

दुसरं, 28 फुटाला दोन-दोन स्टँड कमीच. बाजूला तीन-तीन हवेत, शिवाय नाळेचा (पुढच्या टोकाचा) आणि मागचा भाग कीलच्या बराच बाहेर लटकत असेल तर तिथेही हलका आधार. सुकाणूखाली मात्र ठोकळा सारू नये, ते वजन घ्यायला बनवलेलं नसतं.

अर्धा_फेरा
थोडं गणित करतो, कंटाळा येईल त्यांनी खालच्या प्रतिसादावर उडी मारा.

बोट पाण्यात असते तेव्हा पाणी तिला सगळीकडून उचलतं. अर्धा मीटर खोलीवर पाण्याचा दाब असतो दर चौरस सेंटीमीटरला 50 ग्रॅम. बस्स. आता स्टँडचा पॅड धरू 30 सेंमी बाय 30 सेंमी, म्हणजे 900 चौरस सेंमी. साडेतीन टनांपैकी समजा 700 किलो एका पॅडवर आले तर झाले जवळजवळ 780 ग्रॅम, म्हणजे पंधरा पटीहून जास्त. तेही पॅड सपाट टेकला तर! पॅड जरा वाकडा असला, नुसती एक कड टेकत असली, की तोच भार चार बोटांच्या पट्टीवर.

वर आणखी एक गंमत. फायबर एकदम मोडत नाही, हळूहळू सरकतं. आज 2 मिमी, महिन्याने 5. गडद रंगाचा हल (बोटीचं बाहेरचं कवच) उन्हात हात लावता येणार नाही इतका तापतो आणि तापलं की पॉलिस्टर रेझिन मऊ पडतं. म्हणून एका दिवसाच्या उचलठेवीत काही होत नाही आणि 8 महिन्यांत परात होते.

@खारावारा, एक प्रश्न. या 8 महिन्यांत स्टँडचा आटा कोणी आवळला होता का?

खारावारा
...
मीच. दर फेरीला. खाली जमीन ओली दिसायची, म्हटलं सैल नको राहायला. अर्धा-अर्धा फेरा.

अर्धा_फेरा
माझ्या आयडीची अशी बदनामी होईल असं वाटलं नव्हतं.

काठावरचा
=)) =))

अर्धा_फेरा
हसणं बाजूला. तो आटा म्हणजे गाडी उचलायच्या जॅकचाच भाऊ आहे. हाताने फिरवलेला अर्धा फेरा पुढे शेकड्यांनी किलोचा रेटा देतो आणि आपल्याला हातात काहीच जाणवत नाही. पॅड हाताने टेकवायचा, मग जेमतेम घट्ट, तिथे थांबायचं. बोट खाली बसतेय असा संशय आला तर बसली का ते शोधायचं, आवळत सुटायचं नाही.

ओलेपाय
कीलबोटवाल्यांनो, आमच्याकडेही बघा जरा. आमच्या डिंग्यांना (छोट्या हलक्या बोटींना) कील नसते म्हणून त्या सुखात असतात असं नाही.

माझी डिंगी एक अख्खा मोसम ट्रेलरवर होती, खाली दोन रबरी रोलर, वरून रॅचेटचा पट्टा. वाऱ्याने हलू नये म्हणून पट्टा मी जीव खाऊन ओढलेला. मोसम संपल्यावर तळाला बरोबर रोलरच्या रुंदीचे दोन खड्डे. रोलरमुळे पडले की पट्ट्यामुळे यावर घरात आठवडाभर वाद. उत्तर: दोघांमुळे. रोलर हे बोट चढवण्या-उतरवण्यापुरते, ठेवायला नाहीत. ठेवायचं तर तळाच्या आकाराच्या लांब गादीच्या पट्ट्यांवर, किंवा काठ धरणाऱ्या ट्रॉलीवर, किंवा सरळ पालथी घालून काठांवर.

त्यातून निचऱ्याचं बूच काढायला विसरले होते. ताडपत्रीला झोळ पडला, पाऊस आत साठला. पाणी किती जड असतं हे आपण पाण्यात असताना विसरतो.

अर्धा_फेरा
ओलेपायताईंना +1. कॉकपिट (बसायचा उघडा खळगा) समजा दीड मीटर लांब, 60 सेंमी रुंद आणि 40 सेंमी खोल भरलं, तर 360 लिटर. म्हणजे पाच-सहा माणसं दिवसरात्र आत बसलेली. एका पानाने निचऱ्याचं भोक तुंबतं, तेवढं पुरतं. @खारावारा, तेही बघून ठेवा.

जुनी_फळी
हे सगळं वाचून मजा वाटली. लाकडाच्या बोटीला असा पोचा पडत नाही.

गाठमारे
लाकडाच्या बोटीला काय होतं तेही सांगा की काका, अर्धवट नका सोडू.

जुनी_फळी
सांगतो की, लाजायचं काय त्यात. पहिल्यांदा स्वतः जबाबदारी घेऊन बोट वर काढली तेव्हा मधे दोन भक्कम ठोकळे दिले आणि पुढचं-मागचं टोक तसंच सोडलं. वर्षभराने काठाची रेघ लांबून पाहिली तर मधे उंच आणि दोन्ही टोकं खाली झुकलेली, धनुष्य पालथं ठेवल्यासारखी. ते वाकणं पुन्हा पूर्ण कधी गेलं नाही. शिवाय फळ्या सुकल्या, सांधे उघडले. पाण्यात सोडली तर सगळीकडून झिरपायला लागली. दोन दिवस पंप लावून बसलो होतो, मग फळ्या फुगल्या आणि सांधे मिटले.

म्हणून माझं मत, बोटीची जागा पाण्यात. वर काढायची ती रंगापुरती, डागडुजीपुरती, की परत खाली. आठ-आठ महिने जमिनीवर ठेवणं मला पटतच नाही.

निवांत_नांगर
काका, आदर आहे, पण फायबरला हा नियम लागू नाही. कायम पाण्यात राहिलेल्या फायबरच्या तळाला फोड येऊ शकतात, गेलकोटमागे (वरच्या चकचकीत थरामागे) पाणी मुरतं. वर काढून सुकवणं त्याला मानवतं. प्रश्न ठेवण्याच्या पद्धतीचा आहे.

आणि पद्धत म्हणाल तर माझं मत क्रेडल. लोखंडी सांगाडा, सगळे हात एकमेकांना जोडलेले. स्टँड सुटे असतात, एक बसला, एक सरकला, संपलं. क्रेडल बसलं तरी अख्खं बसतं.

गाठमारे
क्रेडल चांगलं, पण त्याच बोटीसाठी बनवलेलं असेल तर. माझ्या ओळखीत एकाने दुसऱ्या बोटीचं क्रेडल आणलं. लांबी सारखी, म्हणून चालेल म्हणाला. त्याच्या हातांचे पॅड यांच्या बोटीला नेमके दोन बल्कहेडच्या (बोटीतल्या आडव्या भिंतींच्या) मधोमध येत होते, जिथे आतून काहीच नाही, नुसता पत्र्यासारखा हल. त्यात त्या हलमध्ये बाल्साचा कोअर, म्हणजे फायबरच्या दोन थरांमधे हलकं लाकूड. बाहेरून फक्त कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसत होत्या. त्यांतून पाणी आत गेलं, बाल्सा कुजला. कापून काढला तेव्हा ओल्या भुशासारखा हाताला आला.

निवांत_नांगर
ते क्रेडलचा दोष झाला का? दुसऱ्याच्या मापाचा बूट घातला तर पाय दुखणारच.

गाठमारे
तेच तर म्हणतोय. सुटा स्टँड पाहिजे तिथे नेता येतो, क्रेडलचा हात जिथे आहे तिथेच.

भरतीओहोटी
भांडण गोड आहे, पण दोघंही एकच गोष्ट सांगताय: पॅड बल्कहेडवर आला पाहिजे. मला नवखी म्हणून विचारायचंय की बाहेरून बल्कहेड कळायचा कसा?

गाठमारे
चांगला प्रश्न, कोणी विचारतच नाही. आतून खिडकीच्या कडेपासून बल्कहेडपर्यंत टेपने मोजा, तेवढंच बाहेरून मोजा. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जा. मोकळ्या जागी आवाज घुमतो, बल्कहेडवर आला की भरीव आणि आखूड होतो. दोन्ही जुळलं की पाणरेषेच्या वर रंगीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवा. पुढच्या वेळी यार्डवाल्याला तोंडी सांगण्यापेक्षा पट्टी दाखवा, दुपारच्या घाईत तोंडी सांगितलेलं राहत नाही.

आणि पॅड हलच्या उताराला काटकोनात टेकवायचा, समोरासमोरच्या स्टँडना एकमेकांशी साखळी. हल उतरता असतो, तो स्टँडना सतत बाहेर ढकलतो. साखळी नसेल तर ओल्या जमिनीवर पाय सरकतात. पायांखाली जाड प्लायवूडचे तुकडे, नाहीतर पाय जमिनीत रुतणार.

खारावारा
साखळ्या आहेत. प्लायवूड नाही. पट्ट्या अर्थातच नाहीत.

ताडपत्रीवाला
माझा अनुभव लिहितो, आयडी तिथूनच आलाय. ताडपत्रीच्या दोऱ्या मी स्टँडच्या पायांना बांधल्या होत्या. हाताशी होते, सोयीचं वाटलं. एका रात्री वारा सुटला, ताडपत्री शिडासारखी फुगली आणि दोरीने स्टँड ओढून काढला. बोट पडली नाही, शेजारच्या बोटीच्या मालकाने आवाज ऐकून माणसं गोळा केली. त्याचे पाय धरायचे बाकी ठेवलेत. दोऱ्या बोटीखालून पलीकडे नेऊन बांधा, किंवा पाण्याचे कॅन लटकवा. स्टँडला कधीच नाही.

काठावरचा
म्हणजे शिडाची बोट शीड नसतानाही पळू शकते तर.

ताडपत्रीवाला
जमिनीवर तर जास्तच जोरात.

निवांत_नांगर
यावरून आठवलं, डोलकाठी उभी ठेवता की उतरवता? मी उतरवतो. वाऱ्याने काठी थरथरते आणि ती थरथर स्टँडपर्यंत पोचते, पॅड हळूहळू सरकतात.

ओलेपाय
दर वेळी काठी उतरवायची तर वायर, तारा, पिना, सगळा संसार सोडवायचा. त्यात जे तुटतं-हरवतं ते वेगळं.

निवांत_नांगर
मग निदान गुंडाळलेलं पुढचं शीड तरी उतरवा आणि मागच्या तारेचा ताण सोडा. पाण्यात वाकायला बोटीला जागा असते, जमिनीवर ताणून ठेवली तर दोन्ही टोकं वर ओढली जातात आणि मधे ठोकळा.

जुनी_फळी
हे मात्र खरं.

भरतीओहोटी
काकांनी फायबरवाल्याला 'खरं' म्हटलं. धाग्याचं सार्थक झालं.

सुकाणूवर_कोण
उशिरा आलो. मूळ प्रश्न राहिलाच की. पोचा आपोआप निघतो का?

माझा निघाला. पाण्यात सोडली, दुसऱ्या दिवशी दिसेनासा. त्यानंतर 6 वर्षं झाली, काही त्रास नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

गाठमारे
दिसेनासा झाला म्हणजे गेला असं नाही. भरीव फायबरचा हल असेल, पोचा उथळ असेल, थोडेच दिवस राहिला असेल तर खरंच काही होत नाही. कोअरवाल्या हलमध्ये वरचं कातडं सरळ होतं पण मधली चिकटलेली बाजू सुटलेली असू शकते. ठोकून बघितल्याशिवाय बोलता येत नाही.

सुकाणूवर_कोण
माझा भरीव आहे, ठोकून बघितला नाही.

गाठमारे
मग 6 वर्षं झाली हे चांगलंच झालं. पण पुढच्या वेळी वर काढाल तेव्हा एकदा ठोकाच.

खारावारा
मंडळी, अपडेट. लांबलचक आहे.

काल क्रेन मिळाली. पट्टे लावले, आधी नुसता भार घेतला, मग चारही स्टँड सैल केले. पहिला सोडला तेव्हा आतून 'टक्' असा आवाज आला, काळजात धस्स झालं. डोळ्यांदेखत पोचा 11 मिमीवरून 5 वर आला. आज सकाळी मोजला, 2 मिमी. हाताने चाचपडलं तरच कळतो.

ठोकून पाहिलं. तळाला भरीव फायबर आहे, आवाज सगळीकडे एकसारखा, कुठेही बद्द लागला नाही. गेलकोटला केसासारख्या चार-पाच चिरा, बास. मी शिट्टी वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात गाठमारेंचं 'शोध ठोकळ्यांपासून घ्या' आठवलं.

कीलखालचा मागचा ठोकळा मऊ लाकडाचा निघाला. पावसाने भिजून, दबून दोन बोटं बसलेला. त्याच्या आणि कीलच्या मधून माझं पैशाचं पाकीट आरपार जाईल एवढी फट पडत होती असं ठशावरून दिसतंय. म्हणजे कील पुढच्या ठोकळ्यावर आणि बाकीची बोट स्टँडवर. त्यात मी वर अर्धा-अर्धा फेरा.

खरी गोष्ट पुढे आहे. टॉयलेटच्या शेजारचं कपाट रिकामं करून आतलं अस्तर काढलं. बल्कहेड हलला जिथे फायबरच्या पट्टीने चिकटवलेला असतो, ती पट्टी जवळजवळ 20 सेंमी सुटलेली. स्टँडने हल आत ढकलला, हलने बल्कहेड ढकलला, बल्कहेडने दाराची चौकट तिरकी केली. आणि मी लाकूड फुगलं म्हणून रंधा मारत होतो.

काठावरचा
दार बिचारं सांगत होतं, आणि तुम्ही त्याचीच जीभ तासलीत.

गाठमारे
फोटो नसतानाही चित्र डोळ्यांसमोर आलं. एक महत्त्वाचं: ती पट्टी आत्ता लगेच चिकटवू नका. आधी बोट नीट बसवा. कडक लाकडाचे ठोकळे, पूर्ण भार कीलवर, मग तीन-तीन स्टँड बल्कहेडवर जेमतेम टेकवून. दोन-तीन दिवस जाऊ द्या, हल मूळ आकारात येऊ दे, मग आत हात घाला. वाकड्या हलला बल्कहेड चिकटवला तर वाकडेपणा कायमचा.

मग सुटलेलं सगळं घासून काढायचं, आजूबाजूलाही चांगलं उतरतं घासायचं, इपॉक्सी आणि काचकापडाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. दुसऱ्या बाजूची पट्टीही तपासा. एकीकडची सुटली की दुसरीकडची बहुतेक वेळा अर्धी सुटलेली असते.

अर्धा_फेरा
आणि पाण्यात सोडल्यावर इंजिनची कपलिंग (इंजिन आणि पंख्याचा दांडा जोडणारा सांधा) तपासा. पण सोडल्या सोडल्या नको, एक-दोन दिवस बोट पाण्यात बसू दे. जमिनीवर अचूक लावलेली कपलिंग पाण्यात गेल्यावर सरकते, कारण हलचा आकारच थोडा बदलतो. आणि तुमचा हल तर नुकताच व्यायाम करून आलाय.

ओलेपाय
चूक कोणाची ते राहिलंच. यार्डाकडे बोललात का?

खारावारा
बोललो. मऊ ठोकळा त्यांचा, त्यांनी मान्य केलं, बदलून दिला. आटा कोणी आवळला असं त्यांनी विचारल्यावर मी इकडेतिकडे बघितलं.

जुनी_फळी
प्रामाणिक माणूस. आता बोट पाण्यात सोड.

खारावारा
काका, पुढच्या महिन्यात. पट्टी चिकटवून झाली, दोन्ही बाजूंची (गाठमारे बरोबर होते, दुसरीही सुटत आली होती). स्टँड सहा, चिकटपट्ट्या सहा, प्लायवूड सहा.

दाराचं मात्र नवंच काढलंय. चौकट सरळ झाली, आणि दाराला मी दोनदा तासलेला कोपरा. आता दार लागतं, पण वरून अंगठा जाईल एवढी फट राहते. आतून कडी लावली तरी बाहेरच्याला सगळं दिसतं.

भरतीओहोटी
पडदा लावा.

ताडपत्रीवाला
ताडपत्री आहे माझ्याकडे. फक्त दोरी स्टँडला बांधू नका.